तळीला लागलेला हात

रात्रपाळी करणाऱ्या माणसाचं एक बरं असतं. जग जे काही करतं ते त्याच्या झोपेत करतं, आणि पुढं कुणी जाब विचारलाच तर त्याला सांगता येतं, मी झोपलो होतो. वाळूजच्या कारखान्यात लागल्यापासून मी हेच सांगत आलोय. सकाळी कंपनीची बस निघाली की मी खिडकीला डोकं टेकतो आणि अख्खं शहर मिटल्या पापण्यांमागून जातं. क्रांती चौक कधी आला नि कधी गेला कळत नाही. चिकलठाण्याला ड्रायव्हर हाक मारून उठवतो. तिथून मोटरसायकलनं करमाड, आणि करमाडवरून आत वळून डोंगराकडं आमची वाडी.

घरी भाकरी खाल्ली की मी अंगणातल्या बाजेवर पडतो ते उन्हं कलेपर्यंत. मेंढरांचा गलका, माझ्या मायचं, म्हाळसाबाईचं, त्यांच्याशी चाललेलं बोलणं, माझ्या बापाचा, बापूचा, खोकला, सगळं माझ्या झोपेत येऊन बसतं. त्यातलं कोणतं खरं घडलं आणि कोणतं मला नुसतं दिसलं, हे पुष्कळदा समजत नाही. चंपाषष्ठीच्या दिवशीचं मात्र खरं आहे, कारण त्यावरून आमच्या घरात नंतर कितीतरी दिवस कुणी कुणाशी धड बोललं नाही.

तेव्हा ग्रामपंचायतीची निवडणूक लागली होती. सरपंचपदाला दोघं उभी होती. एक ऋतुराज, बद्रीनाथअण्णांचा मुलगा. गावाभोवतीची चांगली जमीन बहुतेक अण्णांची, आणि आमची मेंढरं उन्हाळाभर त्यांच्या रानात बसतात. मेंढरं बसली की शेताला खत मिळतं, त्याच्या बदल्यात आम्हाला धान्य आणि जनावरांना विहिरीचं पाणी. लिहून दिलेलं काही नाही. माझा बाप त्रिंबक आणि अण्णा यांच्यात जे आहे ते तोंडी आहे, आणि आजोबांपासून चालत आलंय.

दुसरी सुकेशनी, आमच्याच वाडीतली सून, बारावी शिकलेली, बोलायला फटकळ. डोंगराखालचं गायरान मोकळं राहिलं पाहिजे, एवढं एकच तिचं म्हणणं. शेंद्र्याच्या बाजूनं प्लॉट सरकत सरकत गायरानाच्या कडेला आले होते, आणि सकाळी घरी येताना मला धुक्यात एखादा नवा सिमेंटचा खांब उभा दिसायचा. मी मनातून सुकेशनीच्या बाजूचा होतो. मुक्त विद्यापीठातून राज्यशास्त्र घेऊन मी बी. ए. झालोय, त्यामुळे मी कुणाच्याही बाजूला असलो तरी माझ्याकडं कारणं तयार असतात.

चंपाषष्ठीला आम्ही लिंबाखालच्या खंडोबापुढं तळी उचलतो. ताटात नारळ, खोबरं, सुपारी आणि भंडारा, म्हणजे देवाची हळद. चारपाच जण ताट धरून वर उचलतात, येळकोट म्हणतात, आणि ताट खाली यायच्या आत जो तो हात लावायला धावतो. ज्याचा हात पोचत नाही तो पुढच्याच्या खांद्याला धरतो. तान्ह्या पोराचाही हात आणून टेकवतात. उचललेल्या तळीला हात न लावता नुसतं बघत उभं राहणं आमच्या वाडीत कुणाला जमत नाही.

यंदा ताट अण्णांनी आणलं. मोठं पितळी ताट, खोबऱ्यानं भरलेलं. "यंदाची तळी माझ्याकडून," ते म्हणाले, आणि पुरुषमंडळी जवळ आल्यावर आवाज न चढवता पुढं म्हणाले, "ऋतुराजच्या नावानं उचलायची. ज्यानं हात लावला त्यानं देवापुढं इमान दिलं, मताचं." देवाच्या दारात आलेलं ताट परत कोण पाठवणार? बापूनं पागोटं सारखं केलं आणि पहिला हात घातला.

माय तेव्हा मागं वाडग्यात, मेंढरांच्या कुंपणात, होती. एक मेंढी सकाळपासून अडली होती. कोकरू बाहेर आलं आणि त्याच वेळी येळकोटाचा आवाज उठला. मी बाजेवर होतो, डोळे अर्धे उघडे. भंडारा उधळला गेला आणि लिंबाखालची हवा पिवळी झाली. त्या पिवळ्यात मला माणसं दिसेनात, नुसते हात दिसत होते, आणि त्यांच्या मागून आणखी एक हात आला, कोपरापर्यंत ओला, बांगड्या वर सारलेला. त्याची बोटं ताटाच्या कडेला टेकली. तो माझ्या मायचा हात होता. किती सुंदर आहे हे, असं मला वाटलं. मग मी पुन्हा झोपलो.

दुसऱ्या दिवशी सुकेशनी प्रचाराला आली. तिच्या प्रचारात ना गाडी ना भोंगा, ती एकटीच दारोदार फिरायची. माय अंगणात बसून कोकराला बाटलीनं दूध पाजत होती, कारण मेंढी त्याला जवळ घेत नव्हती. मी बाजेवर जागाच होतो.

"मावशी, तुमी बी हात लावला म्हणं," सुकेशनी म्हणाली.

"तळीला लावला. कामून?"

"तळी कुठं व्हती ती? मताचं ताट व्हतं. जो हात लावील त्याचं मत ऋतुराजला, असं अण्णा आधीच बोलले. बाप्यांनी ऐकलं. बायांना कुणी सांगितलं बी नाय."

मायचा हात थांबला. कोकरानं बाटली शोधत दोनदा तोंड मारलं. त्या दिवशीचा भंडारा तिनं पदराच्या टोकाला बांधून ठेवला होता, ती गाठ तिनं चाचपून पाहिली.

"मंग तू काय मागाय आलीस?" तिनं विचारलं.

"मी काय बी मागत नाय. पटलं तर द्या," सुकेशनी म्हणाली आणि पुढच्या घरी गेली.

ती गेल्यावर माय बराच वेळ पुटपुटत होती. काहीच मागत नाही म्हणजे हिला पाहिजे तरी का नाही, माणसानं ओळखायचं कसं? मायचं आणि सुकेशनीचं तसं कधीच जमलं नाही. पाण्याच्या रांगेत दोघींची चांगली जुंपलेली सगळ्या वाडीनं ऐकलीय. उलट ऋतुराज लहानपणी आमच्या वाडग्यात शेळीचं दूध प्यायला यायचा, आणि माय त्याला अजून लेकरूच म्हणते. हे सगळं मला ठाऊक होतं, पण माझ्या हिशोबात मी ते धरलं नव्हतं.

दिवेलागणीला तिनं बापूला विचारलं, "अण्णा काय बोलले ते तुमी ऐकलं व्हतं?"

"व्हय."

"मंग मला थांबवायचं व्हतं."

"तळीला येणाऱ्या माणसाला कुणी थांबवतं का?" बापू म्हणाला. "आन् थांबवून तरी काय? घराचं मत एकच असतंय."

"घराला हात एक नसतो पर."

बापू चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं, मला मध्ये पडता आलं असतं. तो शांतपणे म्हणाला, "आपल्यापाशी काय हाय, सांग बरं. जमीन नाय, कागद नाय. लोक आपल्याला रानात घेत्यात ते जबानीवर. त्रिंबक बोलला म्हंजी बोलला. ती बी मोडायची म्हणतीस?"

 माय चुलीपुढं बसून राहिली आणि भाकरी करपली, जी तिच्या हातून कधी करपत नाही.

उत्तर माझ्याकडं होतं. उत्तरं माझ्याकडं नेहमीच असतात. दुसऱ्या दिवशी दुपारी जाग आल्याआल्या मी तिला बाजेशेजारी बसवून सांगितलं की मतदान गुप्त असतं. मशीनपुढं आडोसा असतो, आत तू एकटी असतेस, कोणतं बटण दाबलं ते कुणाला दिसत नाही. खंडोबालासुद्धा दिसत नाही, असं मी गमतीनं म्हणालो.

"खंडोबाचं ऱ्हाऊ दे. मला दिसंल का नाय?" ती म्हणाली.

"अगं, पण तुला माहीतच नव्हतं. न कळता दिलेल्या शब्दाला शब्द म्हणत नाहीत. त्याला संमती लागते."

तिनं विचार केला. विचार करताना ती मेंढराच्या अंगावरची गोमाशी बघावी तशी समोर एकटक बघते. "मला ठाऊक नव्हतं, हे खरं," ती म्हणाली. "मी हात देवाला दिला, ते बी खरं. अण्णानं तो मधल्यामधी घेतला."

"मग सोडून दे की."

"सोडायचं कसं? मनातल्या मनात सोडलं तर ते दुसऱ्याची शेळी चोरून पिळल्यागत व्हतंय. दूध आपल्या तांब्यात येतं, पर कुणाला सांगता येत नाय."

"तुझा हक्क आहे तो, माय."

"हक्क माझा, आन् झळ तुज्या बापाला. उद्या अण्णानं मेंढरं रानाबाहेर काढली मंग? तुज्या पुस्तकात त्याचं काय लिवलंय?"

पुस्तकात ते होतं. हक्क आणि जबाबदारी नावाचं एक अख्खं प्रकरण होतं, परीक्षेला हमखास येणारं, आणि त्यावर मी चांगले गुण मिळवले होते. पण समोर ते लंगडत उभं राहू पाहणारं कोकरू, मायच्या पदराची ती गाठ, आणि मला त्या प्रकरणातलं एक वाक्य आठवेना. मला स्वतःचाच राग आला. मी कूस बदलली आणि झोपेचं सोंग घेता घेता खरोखर झोपलो.

त्या दिवसांत मला स्वप्नंही ताटाचीच पडत. कारखान्यातल्या पट्ट्यावरून सुट्या भागांऐवजी पितळी ताटं येत आणि मी एकेकाला बोट लावून पुढं ढकलत असे, सुपरवायझर मागं उभा, सगळं बरोबर चाललंय अशी मान हलवत. एकदा बसमध्ये मला अख्खं शहर रांगेत उभं दिसलं. रस्ता पिवळा, दुकानांची शटरं पिवळी, आणि प्रत्येक माणसाचा हात पुढच्याच्या खांद्यावर. मी रांगेच्या कडेकडेनं चालत पुढं गेलो, ताट कुणी धरलंय ते पाहायला, तर पुढं कुणीच नव्हतं. जाग आली तेव्हा माझ्या हातानं पुढच्या सीटचा दांडा घट्ट धरलेला होता. चिकलठाणा आलं होतं आणि ड्रायव्हर मला नावानं हाका मारत होता.

माय त्या काळात फार कमी बोलली. अंघोळीच्या वेळी ती पदराची गाठ सोडून भंडारा कोनाड्यात ठेवायची आणि परत बांधून घ्यायची. मी म्हटलं, ओढ्यात सोडून दे, देवाचंच पाणी आहे. ती म्हणाली, "ज्याचा त्याला गेला पायजे." मला वाटलं, ती देवाबद्दल बोलतेय.

मतदानाच्या दिवशी मी रात्रपाळी करूनच घरी आलो. धुकं इतकं होतं की लिंबाचं झाड अर्ध्यातून वर नव्हतंच. वाडीत अण्णांचा टेम्पो उभा होता आणि बायाबापडी त्यात चढून बसली होती. माय चांगलं लुगडं नेसून बसली होती, शेजारी वाडीतलीच गोजरबाई, मागं बापू. मीही चढलो आणि मागच्या फाळक्याला पाठ टेकली. टेम्पो गायरानाच्या कडेनं चालला. सिमेंटचे खांब धुक्यातून एकेक करून यायचे, आमच्याकडं बघितल्यासारखे व्हायचे आणि मागं जायचे.  मला वाटलं, आपण अजून बसमध्येच आहोत.

शाळेवर जायच्या आधी टेम्पो अण्णांच्या घरापुढं थांबला. तशी रीतच पडून गेलीय, आधी पोहे-चहा आणि मग मतदान. अण्णा खुर्चीवर बसले होते. ऋतुराज पांढऱ्या कपड्यांत दारात उभा राहून येईल त्याला हात जोडत होता. सगळे उतरून बशा घेऊ लागले. मायनं बशी घेतली नाही. ती सरळ ऋतुराजपुढं जाऊन उभी राहिली आणि पदराची गाठ सोडायला लागली. गाठ घट्ट बसली होती, तिनं ती दातानं सोडवली.

"लेकरा, वाक जरा," ती म्हणाली.

आशीर्वाद मिळतोय म्हणून तो हसत वाकला. तिनं होता नव्हता तेवढा भंडारा त्याच्या कपाळाला लावला, या कानशिलापासून त्या कानशिलापर्यंत.

"हा चंपाषष्ठीच्या तळीचा हाय," ती म्हणाली. तिचा आवाज सगळ्यांना ऐकू येईल एवढा होता. "मी हात लावला तो देवाला. तुज्या मताचं मला कुणी सांगितलं नव्हतं, इचारलं बी नव्हतं. तुज्या नावाचा भंडारा तुला दिला. आता माझा हात मोकळा हाय. मत मला पटंल त्याला देईन. तुला बी देईन कदाचित. पर इमान म्हणून नाय."

चहाचे कप हातातल्या हातात राहिले. ऋतुराजचा हात कपाळाकडं गेला आणि मध्येच थांबला, कारण देवाचा भंडारा पुसायचा कसा? "बरं मावशी," तो म्हणाला, लहान पोरानं म्हणावं तसं. त्या क्षणी तो मला आवडला, आणि तो आवडला म्हणून मी वैतागलो.

अण्णांनी मायकडं पाहिलंच नाही. ते बापूला म्हणाले, "त्रिंबक, मेंढरं यंदा कुठं बसवायची मग?"

 माझा पगार आहे, पण पगारावर मेंढरं जगत नाहीत, आणि मेंढरांवाचून बापू जगत नाही. मला वाटलं, आता तो मायला गप्प बसवील, हात धरून टेम्पोत चढवील. मला तेच हवंही होतं, हे कबूल करायला लाज वाटते. बापूनं कप भिंतीच्या कडेला ठेवला, सांडू नये म्हणून नीट सरळ केला, आणि उठून उभा राहिला.

"अण्णा, मी ऐकून हात लावला," तो म्हणाला. "माझं मत तुमच्या लेकाला. आज बी, आत्ता बी. त्रिंबकची जबान हाय तिथंच हाय." मग त्यानं मायकडं एकदा पाहिलं. "तिचा हात तिचा. तो मी दिलाच नव्हता, मंग आता कसा वढू? मेंढराचं तुमी ठरवा. रान तुमचं हाय."

 मेंढरांचं अण्णांनी अजूनही सांगितलेलं नाही, आणि उन्हाळा यायचाय. टेम्पोतल्या बायांपैकी दुसरं कुणी पुढं आलं नाही. गोजरबाईनं मात्र पोह्यांची बशी न खाता खाली ठेवली आणि पदर नीट करत ती दुसरीकडंच बघायला लागली.

माय परत टेम्पोत चढली नाही. शाळा लांब नाही, ती चालत निघाली. मी तिच्या बाजूनं चाललो. धुकं थोडं विरळ होत होतं आणि रस्ता दहा पावलं पुढं तयार होत होता, तेवढाच. मला फार आनंद झाला होता. माझी माय अशी आहे हे मला कुणीतरी नुकतंच सांगितल्यासारखं वाटत होतं. शाळेच्या अलीकडं वळणावर सुकेशनी उभी होती, आणि बातमी तिच्यापर्यंत आमच्या आधीच पोचली होती.

"मावशी, लई बरं केलं," ती म्हणाली.

"तुज्यासाठी नाय केलं," माय म्हणाली आणि न थांबता पुढं गेली.

शाळेत रांग फार नव्हती. मी आधी आत गेलो. मला वेळ लागला नाही, माझं आधीपासून ठरलेलं होतं. मग माय गेली. पुठ्ठ्याच्या आडोशामागं तिच्या लुगड्याचा फक्त सोगा दिसत होता. ती बराच वेळ आत उभी राहिली. टेबलामागच्या बाईंनी विचारलं, "आजी, मदत पाहिजे का?" "नको," आतून आवाज आला. मागची रांग चुळबुळली. मग मशीनचा तो लांब आवाज आला आणि ती बाहेर आली, चेहरा कामावरून परतताना असतो तसा दमलेला. बोटाला शाई होती आणि नखात भंडाऱ्याची हळद राहिली होती.

आम्ही गायरानातून परत आलो. मेंढरं वाडग्यात कोंडलेली ओरडत होती. ते कोकरू दाराशी उभं होतं, चारही पायांवर, अजून डुलत. माझे डोळे मिटत होते, पण मला ते तिच्या तोंडून ऐकायचंच होतं. इतके दिवस मी तिला समजावलं होतं, आडोसा सांगितला होता, संमती सांगितली होती. मी आवाज हळू करून, आपल्या दोघांतलंच असल्यासारखं विचारलं, "माय, सुकेशनीलाच दिलंस ना?"

तिनं वाडग्याची कडी अर्धी काढली होती, ती तशीच धरून ती वळली. रागावलेली नव्हती. जरा वेळ तिनं माझ्या मोकळ्या हातांकडं पाहिलं.

"तू बी ताट आणलंस व्हय?" ती म्हणाली.

मग तिनं कडी काढली, मेंढरं तिच्या दोन्ही बाजूंनी बाहेर आली, आणि त्यांच्या गलक्यातून तिचा आवाज आला, "जा, झोप आता." मी बाजेवर जाऊन पडलो. पण त्या दिवशी मला झोप लागली नाही.